आईच्या नाकाविषयी

नेरूळ, नवी मुंबई

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी नौपाड्याला आले होते, तेव्हा आमटी बुडाला लागल्याचा करपट वास बाहेरच्या खोलीत बाबांना आणि मला आला. पण आई, तू त्याच शेगडीशेजारी शांतपणे कोथिंबीर चिरत उभी होतीस. गणपतीतल्या सर्दीपासून तुला वासच येत नाही, हे तेव्हा कुठे कळले. बाबा, "वय झाले की असे होते," असे तुम्ही म्हणालात. वयाने वास मंदावतो हे खरे, परंतु सर्दीपाठोपाठ एकाएकी गेलेला वास वयाच्या खात्यावर टाकून स्वस्थ बसणे मला पटत नाही.

मिरचीच्या फोडणीचा ठसका लागतो, तेव्हा नाक ठीकच असणार, असे आई, तुला वाटते. पण ठसका किंवा अमोनियाचा झणका चेहऱ्याची संवेदना वाहणारी निराळी नस टिपते, त्यामुळे गंधाची नस दुखावली तरी ते जाणवतात. जेवण बेचव लागते आणि हात मिठाकडे जातो, तोही वास गेल्यामुळेच, आणि तुझ्या रक्तदाबाला ते मानवणारे नाही.

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाकात सूज किंवा मांसल वाढ आहे का ते पाहतील, वेगवेगळे वास हुंगवून किती ओळखता येतात ते तपासतील आणि गरज वाटली तर सायनसचा सीटी स्कॅन सांगतील. कंपवातही कधी कधी वास आधी जातो, म्हणून ते हात थरथरण्याविषयी विचारतील. त्याने घाबरून जाऊ नकोस. अडथळा निघाला तर फवारा, मिठाच्या पाण्याने नाक धुणे, प्रसंगी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते, म्हणून तुझा मधुमेह त्यांना आधीच सांगायचा.

सर्दीच्या विषाणूने नस दुखावली असेल, तर नाकाला पुन्हा सराव द्यावा लागतो. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रुग्णांना दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले आणि त्यातल्या काहींची गंधशक्ती सुधारली. सर्वांनाच गुण येतो असे नाही, आणि यायला महिने लागतात. पण गंधाच्या पेशी पुन्हा तयार होतात, यावर माझी सारी आशा आहे. एकेक वास काही सेकंद, डोळे मिटून, तो पूर्वी कसा यायचा ते आठवत हुंगायचा.

बाबा, सर्वांत मोठी काळजी गॅसची आहे. पाइपच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात, आणि दुपारी घरात एकट्या असलेल्या आईला नेमका तोच वास येणार नाही. म्हणून गळतीची सूचना देणारे यंत्र मी आणते आहे. हा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने ते छताजवळ लावावे लागेल.

शनिवारी सकाळी लवकरच्या गाडीने येते. डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे. तोवर दूध आणि फ्रिजमधले उरलेले अन्न वापरण्यापूर्वी तुम्ही हुंगून पाहावे आणि रात्री गॅसचा मुख्य कॉक स्वतः बंद करावा.

तुमची,
धाकटी