ती टिंबं शोभेची नाहीत हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जर्मन शिकणाऱ्या पुणेकरांवर जो लेख आला होता तो आवडला, चाकणच्या कंपन्या, नर्सिंगची पोरं, बी-वनची परीक्षा वगैरे सगळं बरोबर आहे, पण मध्येच लेखकाने उमलाउटला, म्हणजे जर्मनमध्ये ए, ओ, यू वर जी दोन टिंबं देतात त्यांना, 'अक्षरांच्या डोक्यावरची शोभेची टिंबं, नाही दिली तरी काही बिघडत नाही' असं म्हणून टाकलंय, ते काही माझ्या घशाखाली उतरेना. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांत प्रुफं तपासण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे टिंबाला कोणी शोभेचं म्हटलं की मला गप्प बसवत नाही, बाकी माझी पात्रता काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ती टिंबं मुळात टिंबंच नव्हती. जर्मन लोक पूर्वी अशा ठिकाणी मूळ स्वराच्या डोक्यावर छोटासा ई काढायचे, इंग्रजीत जो ई आहे तोच, आणि त्यांची जुनी हाताने लिहायची लिपी होती, कुर्रेंट म्हणतात तिला, तिच्यात हा ई जवळजवळ दोन उभ्या रेघांसारखा दिसायचा, मग त्या रेघा घाईघाईत आखूड होत होत शेवटी दोन ठिपके उरले. म्हणजे ते अख्खं एक अक्षर आहे, झिजलेलं. म्हणूनच टिंबं टाईप करता येत नसतील तर जर्मन माणूस ती नुसती गाळत नाही, पुढे ई लावतो. जर्मन पासपोर्टवर वर नाव टिंबांसकट छापतात आणि खाली मशीनने वाचायच्या ओळीत त्याच यू च्या जागी यू-ई करतात, आणि दोन्ही बरोबर. नुसता यू मात्र चूक.

आपल्या बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनाचं रोमन स्पेलिंग कधी नीट बघितलंय का? यू च्या पुढे ई आहे तो हाच, टिंबांच्या बदल्यात बसलेला. खुद्द मॅक्सम्युलर साहेबांनी, ते जर्मन संस्कृत पंडित, तर संस्कृतात आपलं नाव 'मोक्षमूलरभट्ट' करून घेतलं होतं, शार्मण्यदेशात, म्हणजे जर्मनीत, जन्मलेला म्हणून वर आणखी, आणि टिंबवाल्या यू ला सरळ दीर्घ मू देऊन मोकळे झाले. (टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा त्यांना सोडा म्हणून विलायतेतून जो अर्ज गेला त्यावर या गृहस्थांची सही होती, त्यामुळे पुण्याने त्यांचं नाव नीट लिहावं एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.) गटेचंही तेच, शाकुंतलाची तारीफ करणारा तो कवी, त्याच्या नावात ओ-ई आहे, त्यामुळे आपण मराठीत गटे, गोएथे, ग्योटे असं काय वाट्टेल ते छापतो, तुमच्याच पेपरात तिन्ही वाचलेत.

आणि बिघडत कसं नाही म्हणता? जर्मनमध्ये 'शोन' म्हणजे आधीच, त्यातल्या ओ वर दोन टिंबं दिली की झालं सुंदर. उच्चारही वेगळा, आपल्याकडे तो स्वरच नाही. माझी भाची क्लासला जायला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी बेसिनच्या आरशासमोर उभी, तोंडाने ई म्हणायचं आणि ओठांचा चंबू मात्र ऊ चा करायचा, की टिंबवाला यू येतो, आणि ए म्हणत ओठ ओ सारखे केले की टिंबवाला ओ. तिची आजी शेजारून म्हणाली, अगं शिट्टी वाजवायची असेल तर गॅलरीत जा. पण आला तिला, आता फोनवर बोलते तेव्हा मला शब्द कळत नाहीत पण टिंबं ऐकू येतात.

हे सगळं का झालं ते पण मजेशीर आहे. शब्दाच्या पुढच्या भागात इ असली की तिने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढलं, बोलताना जीभ आधीच पुढे सरकते ना तसं, आणि पुढे ती इ विरली तरी ओढलेला स्वर तसाच राहिला. या ओढाओढीला उमलाउट हे नाव रुळवलं याकोब ग्रिमने, परीकथांच्या ग्रिम बंधूंमधला थोरला तो. इंग्रजीतसुद्धा हे झालंय, फूटचं फीट, माऊसचं माईस, ते याच कुळातलं, फक्त इंग्रजीने खुणा ठेवल्याच नाहीत. आणि आपली खोड अशी की इंग्रजी शाळेतून आलेल्या डोळ्याला उघडंबोडकं अक्षर हेच नॉर्मल वाटतं आणि बाकी जगाने उगाच दागिने घातलेत असं वाटतं.

आता दोन टिंबं दिसली की उमलाउटच असंही नाही हां. सित्रोएन गाडी घ्या, आता पुण्यात बऱ्याच दिसतात आणि सगळे सिट्रॉन म्हणतात, तिच्या ई वर दोन टिंबं आहेत ती वेगळ्या कामाची, ओ आणि ई एकत्र करून वाचू नका, सुटे म्हणा, एवढंच सांगणारी. हे घराणं मूळचं डच, लिंबाशी नातं सांगणारं आडनाव, फ्रान्समध्ये आल्यावर टिंबं चढली. ब्रॉन्टे भगिनींच्या नावातली टिंबं त्याच जातीची, त्यांच्या वडलांचं आडनाव आधी चक्क ब्रंटी होतं. आणि चाकणला जिचा कारखाना आहे ती स्कोडा, तिच्या एस वर छोटीशी उलटी टोपी असते, झेक लोक तिला हाचेक म्हणतात, म्हणजे बारीकसा आकडा, आणि त्या आकड्यामुळे तो स नसून श आहे, तिकडे ती श्कोडा. ही पद्धत धर्मसुधारक यान हुसच्या नावावर आहे, १४१५ साली ज्याला जिवंत जाळलं तो, त्याच्या काळी वर टिंब द्यायचे, त्याचा पुढे आकडा झाला.

खोटी टिंबंही असतात, आणि तुमच्या लेखकाला 'शोभेची' म्हणायचीच होती तर ही म्हणायला हवी होती. हागेन डाझ आईस्क्रीम, नाव ऐकून वाटतं डेन्मार्कहून आलंय, प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या रूबेन मॅटस नावाच्या माणसाने डॅनिश वाटावं म्हणून १९६० च्या आसपास घरबसल्या बनवलेलं नाव, आणि त्यात ए वर टिंबं दिलीत जी डॅनिश भाषेत नाहीतच! मोटरहेड, मॉटली क्रू हे रॉकवाले पण तसेच, जरा दांडगं दिसावं म्हणून टिंबं, उच्चाराशी संबंध शून्य. माझा त्यांच्यावर राग नाही, सजावट म्हणून केलीये आणि ते कबूलही करतात.

स्वीडिश लोकांचं आणखी वेगळं. त्यांच्याकडे टिंबवाला ए आणि टिंबवाला ओ ही वेगळी अक्षरं, झेड संपल्यावर शेवटी येतात, डोक्यावर गोल असलेल्या ए च्या मागे, आपले क्ष आणि ज्ञ येतात तसे. म्हणजे टिंबवाल्या ओ ने सुरू होणारं आडनाव स्वीडनच्या यादीत सगळ्यात शेवटी शोधायचं, जर्मनीत मात्र ओ मध्येच. स्पेनवाल्यांनी तर एन वरच्या नागमोडी रेघेसाठी भांडण काढलं होतं. १९९१ मध्ये युरोपातून सूर निघाला की ते अक्षर नसलेले कीबोर्डसुद्धा स्पेनमध्ये विकू द्या, तर स्पेनने १९९३ साली कायदाच करून ते अक्षर राखलं. आणि का नाही राखणार, ती रेघ गाळली की त्यांच्या 'वर्ष' या शब्दाचं गुदद्वार होतं, नववर्षाच्या शुभेच्छा कशा जातील बघा. तुर्कस्तानात १९२८ च्या नव्या लिपीत दोन आय आहेत, एक टिंबाचा एक बिनटिंबाचा, त्याने आजवर किती कॉम्प्युटर प्रोग्रॅम आडवे पाडले असतील, आणि २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडून देशाचं नाव तुर्किये असं बदलून घेतलं त्यातही यू वर दोन टिंबं आहेतच.

आता घरात येऊ. आपली देवनागरी म्हणजे वर खाली आजूबाजूला खुणाच खुणा, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, आणि आपण दुसऱ्याच्या दोन टिंबांना हसतो. आम्ही संस्कृतच्या संशोधनाची पुस्तकं छापायचो तेव्हा रोमन लिपीत टी च्या खाली टिंब म्हणजे ट, नाहीतर त, डी, एन, एस सगळ्यांचं तसंच, १८९४ च्या जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेतून आलेली पद्धत. टिंबवाले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, केसमध्ये नेहमी कमी पडायचे, मग ती जुळवणारा जुळारी साधा खिळा घालून पुढे जायचा आणि मी समासात लाल शाईने एकेक टिंब मागायचो, तो वैतागून म्हणायचा साहेब माशी बसली समजा ना. पण त्या माशीशिवाय पाट आणि पात एकच.

आपलीही टिंबं कमी झालीच की, नांव, पांच, कांहीं हे सगळं १९६२ च्या नियमांनी साफ केलं, ते मला पटतं, कारण उच्चारच होत नव्हता. पण केलं, गेलं, पोरं यावरचं टिंब काढून बघा. आणि ॲ! पूर्वी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, तो स्वतंत्र नव्हताच, २००८ साली आला, २००९ च्या शासनाच्या वर्णमालेत ॲ आणि ऑ रीतसर बसले, तरी आजही वकिलांच्या पाट्यांवर ॲड. च्या जागी अ आणि त्याच्या शेजारी चंद्र घेतलेलं एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ छापलेलं दिसतं, आणि खाली तो माणूस कायद्याचा सल्ला देत बसलेला असतो.

खरी तक्रार आता सांगतो. तुमच्या त्याच पुरवणीत मागच्या पानावर पावसाळी ट्रेकचा मजकूर होता, त्यात 'सह्याद्रीच्या दर्याखोर्यात' असं ठळक छापलंय. अहो दर्या म्हणजे समुद्र, सिंहगडाच्या मागे कुठला दर्या? दऱ्याखोऱ्यात हवं, अर्ध्या र ला वरचा रफार नाही, ती पापणीसारखी आडवी रेघ. आणि गंमत बघा, हा पापणीवाला र कॉम्प्युटरमध्ये येतो कुठून, तर युनिकोडमध्ये दक्षिणेकडच्या भाषांसाठी म्हणून एक खाली टिंब असलेला ऱ ठेवलाय, त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली पापणी. म्हणजे जे टिंब नसलं तरी बिघडत नाही म्हणून तुम्ही पुढच्या पानावर छापलंत, तेच न दिल्यामुळे मागच्या पानावर सह्याद्रीत समुद्र आला.

तेव्हा विनंती एवढीच की परदेशी नावांचा उच्चार त्या भाषेच्या कोणा शिक्षकाला विचारून एकदा ठरवा आणि मग तोच छापत जा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्युलर आहे, विचारायला माणसं कमी नाहीत. आणि डेस्कवरच्या मुलांना सांगा, इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे' दाबायचं, मग डी, मग तिरकी रेघ, झाला ऱ्य. हे पत्र छापलंत आणि जागेसाठी कापावं लागलं तर रॉकवाले कापा, पण दऱ्यांना हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
सदाशिव पेठ, पुणे ३०