असतील कुठंतरी

कोल्हापूर
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, ते नुसतं "हं, हं" म्हणत राहतात. आणि आई, तू "ठेव आता, कामात असशील" म्हणून मधेच फोन बंद करतेस. म्हणून पत्र लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

दिवाळीत तुम्ही विचारलं होतं, कंपनीत तू नेमकं काय करतीस. मी म्हटलं, कामासाठी जी माणसं बाहेरगावी जातात त्यांची तिकिटं काढते, राहायची सोय बघते. बाबा, तुम्ही एस.टी.चे कंडक्टर, लगेच म्हणालात, "म्हंजे माझ्यागतच की. तिकटं फाडायची." सगळे हसले, मीही हसले. पण गारगोटीहून परतताना एस.टी.त तेच मनात घोळत राहिलं. तुम्ही बोललात त्यात खोटं काही नाही. फक्त त्यामागचं मला सांगता आलं नाही, ते आज सांगते.

शिरोली एमआयडीसीत ओतलेलं आमचं कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेले भाग, चाकणला जातं, चेन्नईजवळ ओरगडमला जातं, इंदूरकडं पीथमपूरला जातं. माल ट्रकनं जातो, पण त्यात खोट निघाली की मागोमाग माणसांना जावं लागतं. सकाळी नऊला मेल येतो: ब्लो होल, म्हणजे ओतीवात हवेची भोकं, निघालेत, लाइन थांबलीय, उद्या माणसं निघालीच पाहिजेत. साहेब चिठ्ठीवर दोन नावं लिहून माझ्या टेबलावर ठेवतात. तिथून ती दोन माणसं घरी परत येईपर्यंत माझ्या जबाबदारीची.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं. पण दोन महिने आधी कुठल्या कास्टिंगला भोक पडणार हे कुणाला ठाऊक? मग तत्काळ. गाडीच्या आदल्या दिवशी एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन ते आधार जोडलेल्या खात्यावरूनच काढता येतं. दहाला पाच कमी असताना नावं, वयं सगळं भरून मी तयार बसते. त्या वेळी कुणी चहाला हाक मारली तरी मान वर करत नाही. मिळालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. साहेबांनी ऐनवेळी माणूस बदलला तरी ते तिकीट वायाच, कारण तत्काळच्या तिकिटावरचं नाव बदलता येत नाही. म्हणून चिठ्ठी हातात आली की मी साहेबांना आधी विचारते, "हीच दोन नावं नक्की ना?" त्यांना राग येतो. येऊ दे.

तिकीट नाहीच मिळालं तर वाटा शोधायच्या. मुंबईला रात्रीची महालक्ष्मी आहे, पुण्याला वंदे भारत आहे पण आठवड्यातून तीनच दिवस. दिल्लीकडं जायचं तर मिरजेला जाऊन गोवा एक्स्प्रेस धरायची. उजळाईवाडीहून विमानं सुटतात, पण साहेब विमानाला सहजी हो म्हणत नाहीत. काहीच नाही जमलं तर तावडे हॉटेलच्या थांब्यावरून रात्रीची खासगी बस.

बाबा, इथवरचं तुमच्या ओळखीचं आहे. पण माझा खरा जीव अडकतो तो मुक्कामात.

पहिल्या वर्षी ओरगडमला जाणाऱ्या दोघांसाठी मी चेन्नई शहरात चांगलं, स्वच्छ हॉटेल बघितलं. फोटो बघून मलाच समाधान वाटलं होतं. कारखाना तिथून चाळीसेक किलोमीटर लांब. चार दिवस ती माणसं पहाटे पाचला निघत होती आणि रात्री दहाला परतत होती. आल्यावर कुणी तक्रार केली नाही. एक जण एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या बारीला गेटाजवळ बघा, पत्र्याची खोली असली तरी चालंल." तेव्हापासून मी आधी कारखान्याचं गेट नकाशावर शोधते, मग हॉटेल.

आणि बुकिंग झालं तरी रिसेप्शनला स्वतः फोन करते. गाडी पहाटे पाचला पोचते आणि खोली दुपारी बाराला देणार, मग मधले सात तास माणसानं बसायचं कुठं? गरम पाणी किती वाजता येतं? पहिल्या पाळीला जायचं तर सहाला नाष्टा मिळेल का? दोघांना एक मोठा पलंग देणार की दोन वेगळे? हे शेवटचं विचारलं नव्हतं तेव्हा पन्नाशीचे दोन गृहस्थ तीन रात्री एकाच पलंगावर अवघडून झोपले होते. गेल्या वर्षी आमच्याकडची एक नवी इंजिनिअर पोरगी पहिल्यांदाच एकटी बाहेर निघाली. तिची गाडी उजेड असतानाच पोचेल अशी निवडली, खोली जिन्याजवळची, रिसेप्शनवर रात्रभर माणूस असलेलं हॉटेल. तिच्या आईला फोन करून पत्ता मीच सांगितला. त्या माउलीनं तो दोनदा लिहून घेतला.

एक गोष्ट मी भांडून मिळवली, ती तुम्हाला सांगायचीच होती. आमच्याकडं साहेब लोकांचं हॉटेल कंपनी भरायची आणि फिटर-मोल्डरांनी मात्र आधी खिशातून खर्च करायचा, आल्यावर बिलं द्यायची, पैसे पंधरा-वीस दिवसांनी. बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर नसला की अकाउंट्सवाले ते परत करायचे. महिनाअखेरीला निघालेल्या माणसाकडं खिशात असणार किती? मग चौघं मिळून एक खोली घ्यायचे, नाहीतर रात्र स्टेशनवर काढायचे आणि सकाळी तसेच लाइनवर उभे राहायचे. हे मला कळलं तेव्हा सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, रात्रभर न झोपलेला माणूस उद्या गिऱ्हाइकासमोर काय तपासणार? आठ महिने मागं लागले. आता सगळ्यांचं हॉटेल कंपनी परस्पर भरते आणि भत्त्याचा ॲडव्हान्स आदल्या दिवशी हातात पडतो. पगारवाढीपेक्षा मला याचा आनंद जास्त झाला होता.

चूकही सांगते. पुण्याहून रात्री बारा वाजून काही मिनिटांनी सुटणारी एक गाडी होती, तिकिटावर तारीख १५. मी आमच्या एका वयस्क फिटरकाकांना सांगितलं, पंधराच्या रात्रीची गाडी आहे. ते पंधराच्या रात्री स्टेशनवर पोचले. गाडी आदल्या रात्रीच गेलेली. मला फोन आला, "ताई, टीसी म्हणतोय तिकीट कालचं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ते ओशाळले होते. ते मला फार लागलं. रात्री एकला स्टेशनजवळच्या चार लॉजना फोन लावले तेव्हा एक खोली मिळाली. "कशाला खर्च, मी बाकड्यावर बसतो" म्हणत होते, पण ते खोलीत पोचून आतून कडी लावल्याचा फोन येईपर्यंत मी झोपले नाही. सकाळी साहेबांना सांगितलं, चूक माझी आहे. आता अशा गाडीचा निरोप मी असा लिहिते: १४ तारखेला रात्री जेवून निघायचं, बारा वाजले की १५ लागते.

माझ्याकडं एक लांबडी वही आहे. कंपनीच्या कॉम्प्युटरवर सगळं असतं, तरी ही वही माझी वेगळी. कोण कुठल्या गावात, कुठलं हॉटेल, खोली नंबर, तिथला फोन, घरच्या माणसाचा फोन, परतीची गाडी. ती मी का ठेवते हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

आई, २००५ चा जुलै आठवतो? वेदगंगेला पूर आलेला आणि बाबा पाटगावच्या मुक्कामी गाडीवर. दोन दिवस गाडी नाही, निरोप नाही. तू मला घेऊन डेपोत गेली होतीस. पदराखाली डबा होता, बाबा आले तर तिथंच जेवतील म्हणून. कंट्रोलरनं खिडकीतून वर न बघताच सांगितलं, "असतील कुठंतरी." तू काही बोलली नाहीस. बाकावर बसलीस, संध्याकाळपर्यंत उठली नाहीस, आणि येताना डबा तसाच परत आणलास. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्याकडंही फोन लागत नसणार. पण ते दोन शब्द माझ्या कानातून गेलेले नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडलं. धोक्याची पातळी ४३ ची. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, पुणे-बंगळूर रस्ता बंद. आमचे तिघं चाकणहून परत येताना कऱ्हाडला अडकले. मी घरातून फोन करत होते, बाहेर पाऊस, वीज येऊन-जाऊन. कऱ्हाडात सगळे लॉज भरलेले. शेवटी एका लॉजच्या मालकीणबाईंनी हॉलमध्ये गाद्या टाकून द्यायची तयारी दाखवली. तिघांपैकी एकाची बायको सातव्या महिन्यात होती, तिचा दिवसातून चार वेळा फोन यायचा. दर वेळी मी वही उघडून सांगायची: कऱ्हाडातच आहेत, दुपारी आमटी-भात जेवलेत, पाणी उतरलं की निघतील. पुन्हा पुन्हा तेच सांगायची, कारण तिला तेच ऐकायचं होतं.

बाबा, हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि फार वाईट वाटलं. परक्या माणसाला गरम पाणी आहे का, पांघरूण आहे का, हे मी रोज विचारते. तुम्ही कितीतरी वर्षं मुक्कामी गाड्या केल्यात आणि आम्ही तुम्हाला कधीच विचारलं नाही. पाटगावला रात्री झोपायचात कुठं? गाडीतच, की देवळाच्या ओवरीत? पावसाळ्यात अंगावर काय घ्यायचात? जेवायला कोण घालायचं? तिकिटांची पेटी आणि पैशाची पिशवी उशाशी घेऊन झोप लागायची का? आणि त्या २००५ च्या दोन रात्री कुठं होतात?

मला हे सगळं गाववार लिहून पाठवा. अक्षर हललं तरी चालेल. हात दुखला तर तुम्ही सांगा आणि आईला लिहू दे. वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथं उतरवून घेईन.

आई, डोळ्यांचे थेंब संपायच्या आधी कळव, इथून पाठवते. पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येतेय. भाकरी टाकून ठेव.

तुमची लेक