ग्रहणाच्या आधीच

खानापूर

चि. मंगल हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "मुलाकडच्यांना डागाचं नि फिटचं सांगायचं कसं?" तेव्हा मला बोलता येईना, म्हणून लिहितेय.

११ ऑगस्ट १९९९. संध्याकाळचं ग्रहण होतं आणि तू पोटात सहा महिन्यांची. आपल्याकडं इतका पाऊस की सूर्य दिसलाही नाही. मी विळीवर भेंडी चिरली, एवढंच. नोव्हेंबरात तू झालीस. उजव्या कपाळापासून पापणीपर्यंत लालजांभळा डाग. घरात सगळ्यांनी त्या भेंडीचं नाव घेतलं. मलाही ते खरंच वाटत राहिलं.

सातव्या महिन्यात तुझा डावा हात झटके देऊ लागला. आज्जीनं नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. माझं बोट तुझ्या मुठीत होतं. मूठ आवळायची, सुटायची, पुन्हा आवळायची. बेळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढून नाव सांगितलं, स्टर्ज-वेबर. कातडीत जसं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, तसंच त्याच बाजूला मेंदूच्या आवरणातही. उजवा मेंदू डावं अंग चालवतो, म्हणून झटका डाव्या हाताला. कांदा नको म्हणाले. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठा.

तू नववीत असताना त्याच डॉक्टरांनी सांगितलं, २०१३ साली कारण सापडलंय. जीएनएक्यू नावाच्या जनुकातला बदल. गर्भ अगदी लहान असताना त्याच्याच एखाद्या पेशीत होतो. आईबापाकडून येत नाही, पुढं पोरांना जात नाही. मी तिथंच बोटं मोजली. ग्रहण सहाव्या महिन्यातलं! डाग त्याच्या कितीतरी आधी ठरलेला. परतताना बसच्या खिडकीकडं तोंड करून मी रडले. तुला वाटलं गाडी लागली; तू दप्तरातलं लिंबू काढून माझ्या हातात दिलंस.

त्यांना हेच सांग. फिटच्या गोळ्या चालू आहेत तेही सांग, लपवून लग्न नको. मूल हवं वाटेल तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. काही गोळ्या गर्भाला बाधतात, त्या बदलून देतात. आपल्या मनानं बंद करायची नाही.

आणि डोळ्याचं प्रेशर? पापणीवर डाग असला की ते वाढू शकतं, म्हणून तपासायचं असतं. दुखत नाही म्हणून दोन वर्षं गेलीच नाहीस. काचबिंदू न दुखताच नजर खातो गं. ह्याच महिन्यात जाऊन ये.

स्थळाला फोटो पाठवशील तो केस मागं घेऊन काढलेला पाठव.

तुझी आई