अर्थाचा रकाना

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

तुझी बाळाच्या नावांची फाईल मिळाली. ४१ नावं, त्यांपुढे 'भाषा', 'अर्थ' आणि 'दोन्ही घरी म्हणता येईल का' असे तीन रकाने, आणि खाली तुझी टीप: "आई, अर्थ तेवढे तपासून दे. चुकीचं काही नको." फोनवर सांगायला गेले असते तर अर्धं मीच विसरले असते आणि उरलेल्या अर्ध्याला तू नुसतं "बरं, बरं" केलं असतंस. म्हणून लिहायलाच बसले.

आधी तक्रार. ज्या कुठल्या ॲपवरून तू हे अर्थ उतरवलेस, त्याला एकूण तीनच अर्थ येतात असं दिसतं: 'तेजस्वी', 'विष्णूचं एक नाव' आणि 'देवाची देणगी'. ४१ पैकी नऊ नावांपुढे देवाची देणगी आहे. गंमत म्हणजे त्यांतली बरीच खरी आहेत. थिओडोर घे. ग्रीकमध्ये थिऑस म्हणजे देव, डोरॉन म्हणजे भेट. तेच दोन तुकडे उलटे जोडले की डोरोथी. हिब्रूतले नाथानिएल, जोनाथन, मॅथ्यू तिघंही तेच. स्लाव भाषांतला बोगदान, अरबीतला अताउल्ला, फारसीतला खुदादाद, सगळे देवाने दिलेले. इसिस देवीने दिला तो इसिडोर, मिथ्र देवाने दिला तो मिथ्रिडेटीस. देव बदलत गेले, पोच पावती तीच. आणि आपला देवदत्त आहेच.

पण या देवदत्ताचं पुढे काय झालं बघ. संस्कृत व्याकरणात आणि तर्कशास्त्रात उदाहरणाला माणूस लागला की याला बोलावतात. देवदत्त भात शिजवतो, देवदत्त गावाला जातो, काल पाहिलेला तोच हा देवदत्त. म्हणजे आपल्या अमुकतमुकाची जागा त्याच्याकडे आली. बुद्धाच्या चुलतभावाचं नावही देवदत्त. त्याने संघात फूट पाडली असं बौद्ध ग्रंथ सांगतात. आणि अर्जुनाच्या शंखाचं नावसुद्धा देवदत्त. एक उदाहरणातला, एक फुटीर आणि एक शंख. तुझ्या रकान्यात मात्र तिघांपुढे एकच ओळ येणार.

प्रुफं वाचण्यात माझी तीस वर्षं गेली हे तू जाणतोसच. त्या तीस वर्षांत अनुस्वारांनी छळलं नसेल एवढं मला नावांनी छळलं. अगदी सुरुवातीला एका रशियन कादंबरीच्या अनुवादाचं काम आलं होतं. बाराव्या पानावर अलेक्सांद्र, विसाव्यावर साशा, तिसाव्यावर शूरा. मी समासात लाल शाईने व्यवस्थित लिहिलं: 'साशा कोण? आधी उल्लेख नाही.' 'शूरा बाई की पुरुष?' प्रुफं परत आली तेव्हा अनुवादकांनी माझ्या सगळ्या प्रश्नांना मिळून एक मोठा महिरपी कंस केला होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'एकच माणूस!' ते उद्गारचिन्ह मला अजून दिसतं. रशियनमध्ये अलेक्सांद्रचं लाडाचं नाव साशा, शूरासुद्धा. आणि बाई अलेक्सांद्रा असेल तर तीही साशाच. माझा प्रश्न तसा अगदीच वेडगळ नव्हता.

तेव्हापासून मला हा नाद लागला. या अलेक्सांद्रच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थ 'माणसांचा रक्षणकर्ता'. हे नाव अरबीत पोचलं तेव्हा ऐकणाऱ्यांना सुरुवातीचं 'अल' आपलंच वाटलं, अल-किताबमधलं असतं तसं उपपद. त्यांनी ते सोडवून बाजूला ठेवलं, 'क्स'चा 'स्क' झाला आणि उरला इस्कंदर. आपल्याकडे येईतो सिकंदर. रक्षणाचा अर्थ ज्या तुकड्यात होता त्याचीच मोडतोड झाली आणि सिकंदर म्हणजे जिंकणारा, हा नवाच अर्थ नावाला येऊन चिकटला. कोशात बघून हे कुणी ठरवलं नव्हतं. एका माणसाने नाव वापरून वापरून तसं केलं.

उलटी गंमत खुसरो या नावाची. ऐकून कुणालाही ते दूरचं वाटेल. पण पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात त्याचं रूप हओस्रवह आहे, आणि ऋग्वेदात सुश्रवस् नावाचा राजा आहे. सप्तचा हप्त होतो तसाच इथे 'सु'चा 'हु'. दोन्हींचा अर्थ 'ज्याची कीर्ती चांगली'. सोफोक्लीस, पेरिक्लीस या ग्रीक नावांतलं शेपूट 'क्लीस' म्हणजेसुद्धा हेच श्रवस्. हजारो वर्षांमागे वेगळ्या झालेल्या भावंडांनी घरातली एकेक वाटी नेली असावी तसं.

योहानानबद्दल लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. हिब्रूत 'देव कृपाळू आहे' एवढाच अर्थ; पण जॉन, ज्याँ, हुआन, जोव्हान्नी, इव्हान, शॉन, यानोश, हान्स हे सगळे त्याचेच. तुझ्या फाईलमध्ये इव्हान आणि शॉन वेगवेगळ्या ओळींवर आहेत, आणि वेगवेगळ्या अर्थांनी. दोन्हींतला एक काढ.

आता तुझ्या नावाचं. मागच्या वर्षी तू सांगितलं होतंस की ऑफिसातला एक अरबी बोलणारा सहकारी तुला म्हणाला, "तुझं नाव किती छान, रात्री गप्पा मारायला बसणारा सोबती." आणि तू मला विचारलं होतंस, यातला खरा अर्थ कोणता? मी विषय बदलला होता. उत्तर असं आहे की दोन्ही खरे. संस्कृतात सम् आणि ईर्, म्हणजे चांगला हलणारा-हलवणारा, म्हणून वारा. अरबीत 'समर' म्हणजे रात्रीच्या गप्पा, आणि त्या गप्पांतला साथीदार तो समीर. दोन भाषांच्या दोन वाटा येऊन एका उच्चारावर मिळाल्या, आतून नातं काहीच नाही. कमलचंही तसंच. आपल्याकडे ते फूल, अरबीत पूर्णत्व. केमाल अतातुर्कमधला केमाल तोच. अमल म्हणजे आपल्याकडे निर्मळ, अरबीत आशा. आणि आशा म्हणावं तर स्वाहिलीत ते आयेशाचं रूप, म्हणजे जिवंत, जगणारी. तुम्हाला दोन्ही घरी चालणारं नाव हवं आहे ना, मग या जुळ्या नावांकडे जरा बघा. तुझ्या यादीतली मीरा अशीच आहे: स्लाव भाषांत 'मिर' म्हणजे शांतता, लॅटिनमध्ये 'मिरा' म्हणजे अद्भुत. कियारा मात्र विचार करून. इटालियन कियारा म्हणजे स्वच्छ, उजळ, आणि तिच्याच जवळपास उच्चार असलेलं आयरिश नाव 'काळी' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. मला स्वतःला हे फार आवडलं, पण तुझ्या रकान्यात कसं बसवणार?

कबूल करते, तुझं नाव ठेवताना आम्ही वाऱ्याचा विचार केलाच नव्हता. तू मोठेपणी विचारलंस म्हणून वारा सांगितला. मला हवं होतं ते असं नाव, ज्यात जोडाक्षर नाही आणि प्रत्यय लागला तरी जे जागचं हलत नाही. समीरला, समीरने, समीरचा. सीतेला की सीताला, हा वाद मला घरात नको होता. आणि एवढं करून तुझ्या शाळेच्या पहिल्या दाखल्यावर काय छापून आलं? 'समिर'. मी तो कागद घेऊन तीन वेळा हेलपाटे घातले. तिसऱ्यांदा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, वाचताना सारखंच येतं की." माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या धंद्याचा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

व्याकरणात नाव बसलं पाहिजे असा हट्ट धरणारी मी एकटी नाही. आइसलँडमध्ये त्यासाठी १९९१ पासून सरकारी समिती आहे. नवं नाव त्यांच्या भाषेचे विभक्तिप्रत्यय घेऊ शकतं का, हे ती तपासते. तिथे एका मुलीचं नाव 'ब्लाइर' ठेवलं होतं. अर्थ: मंद वारा, म्हणजे तुझ्या नावाची सख्खी बहीण. पण तो शब्द त्यांच्या भाषेत पुल्लिंगी, म्हणून मुलीसाठी नामंजूर. कित्येक वर्षं सरकारी कागदांवर तिच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असायचं. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. 'समिर'वर तीन हेलपाट्यांत सुटले, ही मला एकदम मोठी कमाई वाटायला लागली.

अर्थ चांगलाच हवा, या तुझ्या अटीबद्दल थोडं. तुझ्या १९ व्या ओळीवर सेसिलिया आहे आणि पुढे लिहिलंय 'स्वर्गीय संगीत'. संत सेसिलिया ही संगीतकारांची पालक मानतात, तिथून ते आलं असणार. शब्दाचं मूळ मात्र लॅटिनमधल्या 'आंधळा' या शब्दात आहे. क्लॉडियाचं 'लंगडा'. पॉल म्हणजे लहान, केल्व्हिन म्हणजे टकला. तिकडे जर्मन कुळातली बायकांची नावं बघ: हिल्डा म्हणजे लढाई, मटिल्डा म्हणजे बळ अधिक लढाई, गरट्रूड म्हणजे भाला अधिक बळ. ऐकताना डोळ्यांपुढे येते ती लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन बसलेली आजी. मंगोलियात तर मुद्दाम 'नेरग्वी' म्हणजे 'नाव नाही', किंवा 'एनेबिश' म्हणजे 'हा तो नव्हे' अशी नावं ठेवत, दुष्ट शक्तींना चकवायला. आपले धोंडू-दगडू त्यांच्याच पंगतीतले.

आणि काही भाषांत तर नाव अर्थ सांगायच्या भानगडीतच पडत नाही, ते हकीकत सांगतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते ते कोफी अन्नान आठवतात? घानातल्या अकान लोकांत मुलगा शुक्रवारी जन्मला की कोफी, शनिवारी जन्मला की क्वामे. अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा. मी हौसेने वार काढून बघितला, शुक्रवारच. त्यांच्या आधीचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली. अरबीत 'प' नसल्यामुळे पीटरचा झालेला बुत्रोस. रोमन लोक तर मोजदादच करायचे: क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस सहावा. मुलींसाठी तेवढेही कष्ट नाहीत, घराण्याचंच नाव. ज्युलियस सीझरच्या दोन्ही बहिणी ज्युलिया, आत्या ज्युलिया, मुलगीही ज्युलिया. त्या घरात हाक मारली की किती जणी येत असतील कोण जाणे.

मला सगळ्यांत आवडतात ती नायजेरियातल्या योरुबा लोकांची नावं. जुळ्यांत आधी जन्मणारं ताइवो, म्हणजे 'जगाची चव आधी बघणारा'. मागून येणारं केहिंदे. पण मोठा मान केहिंदेचा, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यानेच ताइवोला पुढे पाठवलेलं असतं, बाहेर कसं काय आहे बघून ये म्हणून. आजोबा गेल्यानंतर घरात मुलगा झाला तर बाबातुंदे, 'बाबा परत आले'. तुझ्या फाईलमध्ये हे नाव आहे आणि अर्थ लिहिलाय 'वडील'. तेवढं दुरुस्त कर, फार मोठी चूक आहे ती.

जपानीतलं नाव तर कागदावर लिहिल्याशिवाय अर्थ कळतच नाही. युको हे नाव एका चित्राक्षराने लिहिलं तर हळुवार, दुसऱ्याने लिहिलं तर भरभराटीचं. हाक मारताना दोघी सारख्याच.

काल दुपारी मी एक उद्योग केला. तुझी यादी हातात घेऊन घरभर फिरले आणि प्रत्येक नाव तीन प्रकारे म्हणून पाहिलं: झोपेतून उठवताना म्हणतात तसं, रागावून, आणि रस्त्यापलीकडून हाक मारावी तसं. पाच-सहा नावं रागावताना तोंडात अडकतात. दोन नावं मोठ्याने ओढली की शेवटचं अक्षर गायब होतं. बाबांना वाटलं दारात इतकी माणसं आली आहेत, ते शर्ट घालून बाहेर आले. मग तेही बसले. जी तिन्ही प्रकारे म्हणता आली अशी सात राहिली, त्यांवर खुणा केल्या आहेत. मीरा त्यांत आहे. थिओडोर नाही, पण बाबा म्हणाले, 'थिओ' चालेल. त्याचा अर्थ नुसताच 'देव' उरतो, देणगी गळून पडते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सात नावांत एक राहू दे.

सूनबाईला जप. रात्री जागत फाईली करत बसू नका.

तुझी,
आई

ता. क. फाईलच्या वर, 'तयार करणार' या शब्दांपुढे तू स्वतःचं नाव लिहिलं आहेस. 'समिर.' मी दुरुस्त करून ठेवलंय.