पॅसेजचा दिवा चालू ठेवा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी मुद्दाम पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही "आम्ही मजेत" म्हणता, मी "इकडेही सगळं ठीक" म्हणते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय यातलं थोडं मला तुमच्याजवळ कबूल करायचंय. ते फोनवर धड बोलता येणार नाही.

चार-पाच महिन्यांपूर्वी सईच्या वर्गाला 'पृथ्वी वाचवा' असा प्रकल्प दिला होता. आम्ही थर्माकोलचा मोठा गोळा आणला, निळा-हिरवा रंग दिला, चमकी लावली आणि रंग उडू नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला. तिला बक्षीस मिळालं. पंधरा दिवसांनी तो गोळा जागा अडवतो म्हणून मीच कचऱ्यात टाकला. त्या रात्री अंथरुणात तिने विचारलं, "आई, मी मोठी होईपर्यंत पृथ्वी राहील ना गं?"

मला उत्तर सुचलं नाही. "झोप आता" म्हणून मी दिवा मालवला आणि बराच वेळ तशीच पडून राहिले. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं ठाऊक होतं. बर्फ वितळतंय, समुद्र चढतोय, कासवाच्या पोटात पिशव्या सापडतात. भीती तिला आम्ही पुरेपूर दिली होती, पण हाताला काम काही दिलं नव्हतं.

मग तुमचं घर आठवलं. आपल्याकडे 'पर्यावरण' हा शब्द कधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. पण बरणी रिकामी झाली की धुऊन पालथी पडायची. चादर विरली की तिची पिशवी व्हायची, पिशवी फाटली की फडकं, आणि फडक्याचाही जीव गेला की पायपुसणं. बाबा खोलीतून बाहेर पडताना मागे न बघता बटण बंद करायचे. आम्हाला कुणी काही शिकवलं नाही, आम्ही ते बघतच वाढलो.

आता कबुली. बाबा, नववीत असताना तुम्ही मला शाळेतून न्यायला आला होतात. तुमच्या हातात जुन्या पँटीची शिवलेली पिशवी होती. पँटीचा खिसा तसाच ठेवून आईने त्यात किल्ल्या ठेवायची सोय केली होती. माझ्या मैत्रिणी समोरून येत होत्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तुम्ही दिसलाच नाहीत असं दाखवलं. तुम्ही हाक मारली नाही. घरी आल्यावरही त्यावर काही बोलला नाहीत, पण पुन्हा कधी ती पिशवी घेऊन शाळेकडे आला नाहीत. मला वाटतं तुमच्या ध्यानात आलं होतं. इतकी वर्षं मनात आहे, आज सांगते. मी चुकले होते.

आज माझ्या घरात चौदा कापडी पिशव्या आहेत. परवा मोजल्या. कुठल्या कार्यक्रमात मिळालेल्या, कुठे वस्तूबरोबर फुकट आलेल्या, सगळ्यांवर झाडाचं चित्र. कापूस पिकवायला पाणी लागतं, कापड विणायला वीज लागते. साध्या सुती टी-शर्टामागे सुमारे 2,700 लिटर पाणी जातं असा हिशेब मांडतात. त्यामुळे कापडी पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच तिला अर्थ आहे. आईकडे दोन आहेत आणि त्या दोनच पुरतात. मुलांना मला नवीन 'पर्यावरणपूरक' वस्तू आणून द्यायच्या नाहीत. घरात आहे ते टिकवायची सवय लावायची आहे. नवं काही विकत न घेता ती लागते हे मी तुमच्याकडेच पाहिलंय.

तर त्या रात्रीनंतर आम्ही खताच्या बादलीपासून सुरुवात केली. जुन्या बादलीला भोकं पाडली, तळाशी सुका पाला, त्यावर देठं-सालं. आठवड्याभरात असा वास सुटला की सईने नाक धरलं आणि ओमने बादलीला नावं ठेवायला सुरुवात केली. अळ्याही झाल्या. मी टाकूनच देणार होते. तेव्हा बाबा, तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "वास येतोय म्हणजे आत हवा नाही. सुका पाला घाल आणि वरखाली कर." ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुकं घातलं. मूठभर जुनं खत विरजण म्हणून मिसळलं. तीन दिवसांत वास गेला. अळ्यांचं काय करायचं म्हणून सईने तुम्हालाच विचारलं, आणि "त्यांना त्यांचं काम करू दे" हे तुमचं वाक्य ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते.

एका सकाळी ती ढवळायला बसली आणि ओरडली, "आई, हे गरम आहे! कुणी तापवलं?" मी हात घातला. खरंच आतून ऊब येत होती, अंगात कणकण असलेल्या माणसाच्या कपाळासारखी. मोठ्या ढिगात ही उष्णता 55 ते 65 अंशांपर्यंत चढते, आमच्या बादलीत जेमतेम कोमट. डोळ्यांना न दिसणारे जीव कचरा खाताना ती ऊब बाहेर टाकतात हे तिला सांगितलं, तर तिने ओमचा हात धरून आत खुपसला. दोघं किती तरी वेळ तसेच बसून होते. अडीच महिन्यांनी सात-आठ किलो सालं-देठांचं दोन किलोही खत निघालं नाही. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येणारं. सईने ते ओंजळीत घेऊन मला विचारलं, "हे आधी काय होतं ते ओळखता येतं का?" येत नव्हतं.

तो रात्रीचा प्रश्न ती अजूनही विचारते. पण आता त्याच्यापुढे आणखी काहीतरी विचारते. हाच कचरा ढिगाऱ्यात दाबला गेला की काय होतं, असं परवा विचारलं. हवा मिळाली नाही की तो मिथेन सोडतो, आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर उष्णता धरून ठेवण्यात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 28 पट भारी पडतो. तिने वहीत लिहून ठेवलं. आणि मुळात ताटात टाकायचंच कशाला, हेही त्याच ओघात निघालं. 2022 या एका वर्षात जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतून, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो. कारखान्यांतून नाही, हॉटेलांतून नाही, घरांतून! आई, "लागेल तेवढंच घे, परत मागून घे" हे तुझं बोलणं मला त्या वेळी कंजूषपणाचं वाटायचं.

पण आई, एक गोष्ट लिहायलाच हवी. आपल्या घराची ही सगळी रीत तुझ्या हातांवर चालायची. बरण्या तू धुवायचीस, पिशव्या तू शिवायचीस, उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी काय करायचं ते तू ठरवायचीस. आम्ही फक्त वापरायचो. आज तुझी बोटं सुजतात, झाकण उघडताना तुला दोन्ही हात लावावे लागतात. पृथ्वी वाचवायची म्हणून घरातल्या एकाच बाईच्या कामात भर पडायची, हे मला मुळीच मान्य नाही. म्हणून इकडे बादली ढवळणं ह्यांच्याकडे दिलंय, बरण्या मुलं धुतात, बटणं बंद करण्याचं काम सईचं. तू शिवणयंत्रावर बसू नकोस. सई आली की तिला टाका घालायला शिकव, एवढंच कर.

आता वीज. हे वाचून बाबांना आनंद होईल. तुम्ही रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहिता ना, ते सईने ओळखलं आणि इथेही वही घातली. मीटरवरचा लाल दिवा तिने शोधून काढला. वीज जितकी जास्त ओढली जाते तितका तो भरभर लुकलुकतो. एका रविवारी आम्ही सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा पाच मिनिटांपुरता, आणि मीटरसमोर उभे राहिलो. तरी दिवा मधूनच लुकलुकायचा. सई घरभर फिरली. टीव्हीचा डबा, इंटरनेटचं यंत्र, भिंतीत खोचून विसरलेला चार्जर, एकेक काढत गेली आणि ओम मीटरपाशी "आला... आला... नाही आला" असं ओरडत राहिला. मग पाणी तापवायचा गीझर लावला, तेव्हा दिव्याची अशी घाई सुरू झाली की दोघं गप्पच झाली.

त्यावरून आम्ही गणित मांडलं. वीस लिटरची बादली पंचवीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पाच वॅटचा एलईडी दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास जळला, तर युनिटाचा विसावा भाग. एका बादलीच्या विजेत तो दिवा अकरा रात्री जळून वर थोडी उरते.

हे तुमच्यासाठीच लिहिलं आहे, बाबा. तुम्ही रात्री पॅसेजचा दिवा मालवता आणि अंधारात भिंत धरत बाथरूमला जाता, हे आईने मला सांगितलं. कृपा करून तो दिवा चालू ठेवा. तुमच्या वयात एक पडणं किती महाग पडतं ते शेजारीपाजारी पाहिलंत तुम्ही. वाचवायचंच असेल तर बादलीतलं तापवलेलं पाणी दोन तांबे कमी घ्या. आणि उन्हाळ्यात एसी बंद ठेवून बसू नका. वय झाल्यावर शरीराला उकाडा लवकर सोसत नाही, तहान लागल्याचंही कळत नाही. 26 वर ठेवा, सोबत पंखा लावा, दारं-खिडक्या लावून घ्या. तुमच्या जिवावर वाचवलेलं युनिट मला नको.

सुट्टीत पोरं तुमच्याकडे येतील. मागच्या खेपेला त्यांच्यासाठी तुम्ही छोट्या बाटल्यांतलं पाणी आणून ठेवलं होतं, कागदी पेले, एकदा वापरून टाकायच्या ताटल्या. "तुमच्यासारखं ठेवायला नको का, त्यांना आपलं चालेल का," असं आई म्हणाली. माझ्या काळजाला चरा गेला. तो रस्ता मी ओलांडला होता, त्याची किंमत तुम्ही अजून भरताय असं वाटलं. आई, जगात आजवर जो प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला जेमतेम नऊ टक्के पुन्हा वापरात आला, असा 2015 पर्यंतचा हिशेब आहे. बाकीचा बहुतेक जमिनीवर नि पाण्यात पडून आहे. म्हणजे बाटली वेगळ्या डब्यात टाकली की संपलं, असं नसतं. पाणी उकळून गार करून नेहमीच्या भांड्यात ठेव. मुलं पितील. कुरकुर केली तर करू देत, तहान लागली की पितील. त्यांच्यासाठी तुमच्या घराची रीत बदलू नका, मी त्यांना त्या रीतीसाठीच पाठवतेय.

आणि एक काम खास बाबांसाठी. सईला ओझोनची गोष्ट सांगा. 1985 मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्राची बातमी आली तेव्हा तुम्ही तरुण होता, वर्तमानपत्रं वाचत होता. 1987 मध्ये मॉंट्रियलला करार झाला, फ्रिजमधले आणि फवाऱ्याच्या डब्यांतले थर पोखरणारे वायू वापरणं एकेका देशाने थांबवलं, आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. मी पुस्तकातून सांगितलं तर तिला तो धडा वाटतो. "आम्हीही घाबरलो होतो, मग असं असं झालं" हे आजोबांच्या तोंडून ऐकलं की तिला ते खरं वाटेल. तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा बरं उत्तर नाही. हवा अजून तापतेय, ते काम ओझोनपेक्षा पुष्कळ अवघड आहे, हेही सांगा. तिच्यापासून काही लपवू नका. ती झेपवते.

सोबत एका बरणीत आमचं खत पाठवतेय. बरणी तुमचीच आहे, मागे आईने दिलेली. कुंडीत वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळा, फार खोल नको.

आईच्या बोटांना शेक देत जा. सकाळचा मीटरचा आकडा सातच्या आत कळवा, शाळेला निघण्याआधी सई वहीत तुमची ओळ भरते. काल तुमचा फोन उशिरा आला, तर ती बूट घालून दारात उभी राहिली होती.

तुमची,
ताई