केशवनगरच्या कुंभारवाड्यातील काका-काकूंस

आदरणीय काका आणि काकू,
सविनय नमस्कार.

चाळिशी ओलांडल्यावर चाकावर बसायला शिकू पाहणाऱ्या, मातीकामाशी पिढीजात कसलाही संबंध नसलेल्या एका बाईला तुम्ही तुमच्या कामाच्या जागेत सामावून घेतलेत, तुमचे चाक दिलेत आणि ऐन कामाच्या वेळेत शिकवलेत. याबद्दल तोंडी आभार मानू लागले की तुम्ही दोघेही विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आधी काकूंचे आभार मानते. कुंभारकाम म्हटले की लोकांना फिरते चाक आणि त्यावरचे हात एवढेच दिसते. पण माती भिजवणे, खडे वेचणे, चाळलेली राख मिसळणे, तुडवणे आणि मळणे ही चाकाआधीची सारी कामे बहुतेक घरांतल्या बायकाच करत आल्या आहेत आणि त्यांच्या वाट्याला कौतुक फारसे येत नाही. काकांनी मला पहिल्यांदा तुमच्याकडेच पाठवले, याचे महत्त्व मला पुढे चाकावर बसल्यावर कळले. मळताना आत राहिलेला हवेचा एखादा बुडबुडा भांड्याची भिंत वर ओढताना नेमका बोटाला अडतो, आणि माती एकीकडे घट्ट, एकीकडे सैल राहिली असेल तर कितीही कसबी हात असला तरी भांडे वाकडेच जाते. गोळा तारेने मधोमध कापून, दोन्ही चिरा उजेडाकडे धरून त्यातली बारीक छिद्रे तुम्ही मला दाखवलीत. मातीची परीक्षा कशी करायची, ते मी तिथे शिकले.

काका, मोठ्या वयात शिकणाऱ्याची अडचण तुम्ही न सांगता ओळखली होती. लहान मूल सरळ मातीत हात घालते. आम्हाला मात्र प्रत्येक गोष्ट आधी डोक्याने समजून घ्यायची असते. गोळा चाकाच्या मध्यावर आणताना मी हातांची जागा, पाण्याचे प्रमाण, चाकाचा वेग यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारत असे. तुम्ही फक्त कोपर मांडीवर टेकवायला सांगितलेत आणि एकदा, अगदी एकदाच, माझ्या हातांवर तुमचे हात ठेवलेत. जोर मनगटातून लावायचा नसून अंग पुढे झुकवून तो स्थिर ठेवायचा असतो, हात हलला नाही की मातीलाच मध्यावर यावे लागते, हे त्या स्पर्शातून जितके उमगले तितके कोणत्याही वर्णनाने उमगले नसते.

तुमच्या शिकवण्यातली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. बाहेरून देखणा दिसणारा एक उभट गडू मी चाकावरून उतरवणार, तेवढ्यात तुम्ही दोरा घेऊन तो वरपासून बुडापर्यंत उभा चिरलात आणि अर्धा भाग माझ्यासमोर ठेवलात. काठाशी भिंत पातळ, मध्ये ठीक आणि बुडाच्या कोपऱ्यात मातीचा जाड थर तसाच राहिलेला, असे सगळे उघडे दिसत होते. असे जाड बूड उशिरा वाळते, पातळ काठ आधी वाळून आकसतो आणि या ओढाताणीत तडा जातो, हे तुम्ही त्या चिरलेल्या भागावर बोट फिरवत समजावलेत. कापलेली माती पुन्हा भिजत घातली. भाजण्याआधीची माती पुन्हा पाण्यात घालून वापरता येते, त्यामुळे वाया काहीच गेले नव्हते. भांडे सुंदर दिसावे म्हणून माझ्या हातातून काढून घेऊन तुम्ही ते कधीच नीट करून दिले नाहीत. झटपट कौतुकाची भांडी घरी पाठवणाऱ्या शिकवणीपेक्षा हा मार्ग मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

संक्रांतीच्या आधी सुगडांची घाई असतानाही तुम्ही मला शेजारी बसू दिलेत, हेही मी विसरणार नाही. एकाच उंच गोळ्याच्या टोकाला अंगठा रोवून, काठ वळवून, दोऱ्याने सुगड कापून फळीवर ठेवायचे आणि लगेच पुढचे घ्यायचे, ही लय नुसती पाहणेसुद्धा मोठे शिक्षण होते. मोठ्या माठाचे काम आणखी वेगळे. चाकावर त्याची भिंत मुद्दाम जाड ठेवायची, माती थोडी आवळली की आतून दगडी गोळ्याचा आधार देत बाहेरून थापटण्याने ठोकत पोट फुगवायचे. भिंतीवर तेरच्या गोरोबाकाकांची तसबीर आणि खाली चाललेला तो एकसारखा आवाज अनुभवल्यावर संत गोरा कुंभारांच्या हातातले थापटणे मला प्रथमच खऱ्या अर्थाने समजले.

आव्याबाबतही, म्हणजे भांडी भाजण्याच्या भट्टीबाबतही, तुम्ही घाई करू दिली नाहीत. सुरुवातीची आच मंद ठेवून ओलावा पूर्ण जाऊ द्यायचा, नाहीतर आतली वाफ भांडे फोडते. पुढे सुमारे 600 अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेले पाणीही निघून जाते आणि मग ती माती पुन्हा कधी पाण्यात विरघळत नाही. हे आकडे मी वाचून जाणून घेतले. तुम्ही मात्र धुराचा रंग पाहून जाळ वाढवता, आणि ती नजर माझ्यात यायला अजून बराच काळ लागेल.

तुम्ही शिकवण्याचे पैसे ठरवताना संकोचता, ते कृपया करू नका. जे मला तुमच्याकडे मिळाले त्याचे योग्य मोल देण्याची माझी मनापासून इच्छा आहे, आणि माझ्यासारखे आणखी कोणी शिकायला आले तर त्यांच्याकडूनही तुम्ही ते नि:संकोच घ्यावे. यंदा मार्गशीर्ष लागला की सुगडांची माती मळायला मी सकाळीच येईन. काकूंनी मला तेवढे काम द्यावे, ही विनंती.

तुमची कृतज्ञ विद्यार्थिनी