आपला शरद तक्त्यावर कधी येणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात तिला शाळेतून ऋतूंचा तक्ता करायला सांगितला होता. 'शरद' लिहिलेल्या चौकोनात तिने मेपलची लाल-नारिंगी पानं रंगवली, कारण नमुन्याच्या चित्रात तीच होती. रंगवून झाल्यावर खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "आजी, आपल्याकडे शरद येतच नाही का गं?" तो प्रश्न मला लागला, म्हणून हे पत्र.

बाहेर झाडं हिरवीगार होती आणि ऊन भाजत होतं. पाऊस माघारी गेला की आभाळ मोकळं होतं, जमीन मात्र ओलीच असते. त्या दमट काहिलीला आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो आणि ऋतूची ओळख तिथेच आटोपतो.

पानांचं कोडं तिला समजेल असं सांगितलं. थंड मुलखात दिवस लहान होतात, गारठा पडतो, पानातला हिरवा रंग जातो आणि त्याखाली दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. आपल्या देशात काश्मीरचा चिनार असाच रंगतो. सह्याद्रीतल्या झाडांच्या मुळांशी या दिवसांत भरपूर पाणी असतं, ती आत्ताच पानं का टाकतील? साग, पळस यांची पानगळ होते ती ओल आटल्यावर, थंडी सरताना. आपल्या रानातला लाल रंग बहुतेक कोवळ्या पालवीचा. फाल्गुन-चैत्रात कुसुंबाचं झाड पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. (देशी बदाम तेवढा पानं लाल करूनच गाळतो, पण तोही हिवाळ्यात.)

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन खाली उतरले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुचाचं झाड आहे. रात्री उमललेली फुलं पहाटे खाली पडलेली असतात, लांब नाजूक देठांची, पांढरी. ती देठात देठ गुंफून वेणी करायची. सुई नको की दोरा नको. मी लहानपणी करत असे, पण बोटांना ते आठवेल असं वाटलं नव्हतं. आठवलं. मग दोन इमारती पलीकडे पारिजातकाचा सडा. ही फुलं वेचताना बोटं हलकी ठेवावी लागतात, हे तिला तिथे कळलं. संध्याकाळी सातवीण. रस्त्याच्या वळणावर वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. या वासाने डोकं दुखतं म्हणून झाड तोडा असं म्हणणारी माणसं आहेत. त्यांचा त्रास खोटा नाही, पण महिनाभराच्या वासापायी झाडाचा जीव घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझं बालपण कोकणात गेलं. तिथे शरद म्हणजे पिवळं पडलेलं भात आणि कापणीची घाई. आंब्याच्या पानाबरोबर भाताची लोंबी, नाचणीचं कणीस आणि झेंडू एकत्र करून 'नवं' दाराला बांधायचं. नव्या तांदळाचा वास घरभर. कोजागरीला नवान्न पौर्णिमाही म्हणतात ते उगाच नाही. देशावर हस्ताच्या पावसात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर, मग दसऱ्याचा झेंडू, मग गच्चीवर आटवलेलं दूध आणि चार महिन्यांनी धुऊन निघालेलं चांदणं. सिंहगडाच्या वाटेवर सोनकीने पिवळे झालेले उतार असतात, ते वेगळेच. नदीकाठी शेपटी हलवत धोबी पक्षी परतलेला असतो. वाढदिवसाला आपण 'जीवेत शरदः शतम्' म्हणतो. आयुष्य शरदांनी मोजणाऱ्यांच्या मुलांना शरद दिसत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मेपलची पानं सुंदरच आहेत. ती मुलांनी जरूर रंगवावीत, पण 'थंड देशातला शरद' असं खाली लिहून. शिक्षकांना विनंती आहे की आश्विनात एक दिवस मुलांना शाळेच्या आवारात सोडा. काय फुललंय, कशाचा वास येतो, कुठला पक्षी नवा दिसतो, एवढंच टिपून आणायला सांगा. तक्ता त्यातूनच होईल.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वाचकांनीही आपापल्या गावचा शरद या सदरात लिहावा. मी नातीला वाचून दाखवीन. तिच्या तक्त्याच्या कडेने अजून जागा आहे.

आपली,
एक आजी, कोथरूड, पुणे